कोतवाल बुकापासून आरोग्यदूतापर्यंत : वऱ्हाड-विदर्भातील सार्वजनिक आरोग्य-उद्यमशीलतेची ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

विदर्भातील महाविद्यालयीन प्राध्यापकांना 'कोतवाल बुकाची नक्कल' हा शब्दप्रयोग नवा नाही. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी विद्यार्थी तहसील कार्यालयात खेटे घालतात, आजोबा-पणजोबांच्या जन्माची किंवा मृत्यूची नोंद शोधतात आणि तिची प्रमाणित प्रत मिळाली की सुटकेचा निःश्वास टाकतात. या नोंदीत जातीचा रकाना शोधला जातो. त्याच ओळीतला मृत्यूच्या कारणाचा रकाना मात्र सहसा कोणी वाचत नाही. वस्तुतः ही नोंदवही जात सांगण्यासाठी निर्माण झालेली नव्हती. गावात कोण जन्मले, कोण मेले आणि कशाने मेले हे सरकारला कळावे, हा तिचा मूळ हेतू होता. ती सार्वजनिक आरोग्याची नोंदवही होती.

गेल्या काही दशकांत जगभरच्या विद्यापीठांमधून आरोग्यक्षेत्रातील नवोपक्रम आणि सार्वजनिक आरोग्यातील उद्यमशीलता हा अभ्यासविषय म्हणून रुजू लागला आहे. या अभ्यासक्रमांतील उदाहरणे बहुधा परदेशी असतात, आणि भारतीय असलीच तर महानगरांतील रुग्णालयांची असतात. वऱ्हाड आणि त्याला लागून असलेल्या विदर्भाच्या जिल्ह्यांत शंभराहून अधिक वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांची नोंद मराठीत आहे. परंतु ती बहुतांशी गौरवग्रंथांत, स्मरणिकांत आणि चरित्रांत आहे. त्यातून सेवाव्रती व्यक्तींची थोरवी कळते. त्यांनी नेमके काय केले, कोणती पद्धत शोधली, तिला खर्च किती आला आणि ती इतरत्र का रुजली किंवा रुजली नाही, हे प्रश्न मात्र अनुत्तरित राहतात.

प्रस्तुत शोधनिबंधात कोतवाल बुक, अमरावतीचे तपोवन, सेवाग्रामची ज्वारी विमा योजना, गडचिरोलीचे 'सर्च' आणि मेळघाटातील आरोग्यकार्य या पाच टप्प्यांचा मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

या अभ्यासाची तीन उद्दिष्टे आहेत. (१) विदर्भातील आरोग्यविषयक नवोपक्रमांचा कालानुक्रमे आढावा घेणे. (२) या उपक्रमांमागील समान सूत्र शोधणे. (३) शासनाने हे उपक्रम स्वीकारल्यानंतर त्यांच्या मूळ स्वरूपात कोणते बदल झाले, याची चिकित्सा करणे. अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित शोधनिबंध, शासकीय मार्गदर्शिका व संस्थांविषयीची उपलब्ध माहिती या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

संकल्पनेचे स्वरूप

'उद्यमशीलता' म्हटले की नफा डोळ्यांपुढे येतो. परंतु अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पीटर यांनी १९११ मध्ये मांडलेल्या विवेचनात उद्योजकाचे लक्षण नफा हे नसून उपलब्ध साधनांची 'नवी जुळणी' हे आहे. भांडवल, श्रम आणि ज्ञान तेच असते. उद्योजक त्यांची मांडणी बदलतो. १९८० मध्ये बिल ड्रेटन यांनी 'अशोका' ही संस्था स्थापन केली, तेव्हापासून 'सामाजिक उद्योजक' ही संज्ञा विशेष रूढ झाली. सामाजिक प्रश्नावर अशी नवी जुळणी शोधून ती टिकाऊ करणारी व्यक्ती किंवा संस्था, असा तिचा अर्थ घेता येतो.

सार्वजनिक आरोग्याच्या संदर्भात या व्याख्येला आणखी एक कसोटी जोडावी लागते. एखाद्या गावात एका डॉक्टरने शेकडो रुग्ण बरे केले, तर ती सेवा झाली. तो डॉक्टर नसतानाही दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसांच्या हातून तेच काम होऊ शकले, तर तो नवोपक्रम होय. पुढील विवेचनात हीच कसोटी वापरली आहे.

पूर्वपीठिका : मोजणी होती, उपचार नव्हता

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०३ मध्ये तो प्रशासकीयदृष्ट्या मध्य प्रांताला जोडला गेला. या काळात गावपातळीवरील जन्म-मृत्यूची नोंद पोलीस पाटील आणि कोतवाल यांच्यामार्फत होऊ लागली. कागदावर ही व्यवस्था अपूर्वच होती. रस्ता नसलेल्या खेड्यातील तान्ह्या मुलाचा मृत्यूसुद्धा सरकारी वहीत येणार, ही कल्पना त्या काळी लहान नव्हती.

तथापि या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. पहिली उणीव निदानाची. नोंद करणाऱ्याला वैद्यकाचे ज्ञान नव्हते. पटकी, देवी, प्लेग असे लोकांना ओळखू येणारे रोग सोडले तर उरलेले बहुतेक मृत्यू 'ताप' या एकाच शब्दाखाली जमा होत. न्यूमोनिया, हिवताप, बाळंतरोग, क्षय हे सारे 'ताप' झाले. दुसरी उणीव अधिक खोल होती. माहिती गावातून ठाण्यात, ठाण्यातून जिल्ह्यात आणि तेथून प्रांताच्या वार्षिक अहवालात जात असे; परंतु त्या वाटेने गावाकडे परत काहीच येत नसे. मृत्यू मोजणाऱ्याच्या हाती तो टाळण्याचे कोणतेही साधन नव्हते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. त्या वर्षाच्या नोंदवह्या भरल्या गेल्या. गावे मात्र रिकामी होत राहिली.

याच भूमीत एका वेगळ्या परंपरेचाही उदय झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनापूर्वी हाती खराटा घेऊन गाव झाडण्याचा पायंडा पाडला. आरोग्याचा उपदेश करणारा आणि घाण काढणारा एकच असावा, हे त्यामागील तत्त्व होते. उपदेश आणि कृती यांतील अंतर मिटवण्याचा हा विचार पुढील प्रयोगांत वेगवेगळ्या रूपांत दिसून येतो.

तपोवन : रुग्ण हाच उत्पादक

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुष्ठरोग्याचे जीवन घर, गाव आणि बाजार या तिन्हींतून बहिष्कृत होते. उपचार म्हणून कवठीचे तेल वापरले जाई; त्याचा गुण मर्यादित होता. सल्फोन गटातील औषधे १९४० च्या दशकात पुढे आली आणि कुष्ठरोग औषधाने बरा होण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. परंतु औषधाने बरा झालेला माणूस जाणार कोठे, हा प्रश्न औषध सोडवू शकत नव्हते.

विदर्भात या प्रश्नाला भिडणारी एक मालिकाच दिसते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन येथे जगदंबा कुष्ठधामाची उभारणी केली. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू झाले. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे कार्यही १९५० च्या दशकाच्या आरंभी वर्ध्यातून उभे राहिले. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीने त्याने कुष्ठकार्याला वसाहतीबाहेर, प्रत्यक्ष गावांत नेले.

डॉ. पटवर्धन हे होमिओपॅथीचे व्यवसायी आणि स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते होते. अमरावतीत त्यांना 'दाजीसाहेब' म्हणून ओळखले जाई. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्यांच्या चरित्राचे हे तपशील सर्वत्र आढळतात. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. तपोवनात कुष्ठरुग्णाला आश्रित न मानता शेती, विणकाम, सुतारकाम यांसारख्या उद्योगांतील कामकरी मानले गेले. दयेवर चालणाऱ्या आश्रमात जितके रुग्ण वाढतील तितका खर्च वाढतो. उत्पादनावर आधारलेल्या वसाहतीत रुग्ण वाढले तर हातही वाढतात. साधने तीच, मांडणी वेगळी. शुम्पीटर यांच्या अर्थाने ही नवी जुळणीच होय.

या प्रयोगाची खरी अडचण उत्पादनाची नव्हती, विक्रीची होती. कुष्ठरोग्याने पिकवलेली भाजी किंवा काढलेले दूध कोण विकत घेणार? आनंदवनाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९५० च्या दशकात परदेशी स्वयंसेवकांचे एक पथक आनंदवनात राहून बांधकाम करू लागले, रुग्णांच्या हातचे खाऊ लागले, तेव्हा वरोऱ्यातील लोकांचा संकोच हळूहळू ओसरला. रोगाविषयीची भीती व्याख्यानांनी जितकी कमी झाली नाही तितकी ती व्यवहाराने कमी झाली. बाजारात विकला गेलेला माल हे कुष्ठरुग्णाच्या सामाजिक पुनर्प्रवेशाचे पहिले प्रमाणपत्र ठरले.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी बहुविध औषधोपचार पद्धती आली. भारतात ज्या जिल्ह्यांत ती प्रथम राबवली गेली त्यांत वर्धा होता. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी झाल्याचे जाहीर करण्यात आले. रोगाचे प्रमाण घटले तशी वसाहतींची मूळ गरजही बदलली. जी संस्था एका विशिष्ट गरजेसाठी उभी राहिली, तिने ती गरज कमी झाल्यावर काय व्हावे, हा प्रश्न अशा सर्वच संस्थांपुढे आला. नवोपक्रमाच्या यशातच त्याच्या संस्थेचे संकट दडलेले असते, हा धडा या इतिहासातून मिळतो.

सेवाग्राम : ज्वारीची वर्गणी

१९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दी वर्षात सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यात असलेले आणि खेड्यासाठी डॉक्टर घडवू पाहणारे हे वैद्यकीय महाविद्यालय होते. येथील डॉ. उल्हास जाजू यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस परिसरातील गावांत आरोग्य विम्याचा जो प्रयोग केला तो 'ज्वारी विमा योजना' म्हणून ओळखला जातो.

योजनेची रचना साधी होती. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ज्वारीच्या रूपाने वर्गणी द्यायची. जमीन अधिक त्याची वर्गणी अधिक, भूमिहीनाची सर्वांत कमी. उपचार मात्र सर्वांना सारखा. गावातील मोठ्या संख्येने कुटुंबे सहभागी झाली तरच योजना लागू व्हायची. अनपेक्षित आजारासाठी कस्तुरबा रुग्णालयात मोफत उपचार आणि आधी ठरवता येण्याजोग्या उपचारासाठी खर्चाचा काही भाग, अशी विभागणी होती. गावात आरोग्यसेवक असे व त्याला गावाचा आधार असे.

विमाशास्त्राच्या दृष्टीने या रचनेत तीन सूक्ष्म गोष्टी आहेत. वर्गणी सुगीला घेतल्याने शेतकऱ्याच्या हातात धान्य असते तेव्हाच ती मागितली जाते. कुवतीप्रमाणे वर्गणी व गरजेप्रमाणे उपचार या तत्त्वामुळे श्रीमंत-गरीब यांच्यात धोक्याची वाटणी होते. आणि गावाच्या सामूहिक सहभागाच्या अटीमुळे केवळ आजारी माणसेच विम्यात येण्याचा धोका टळतो. ही तिन्ही तत्त्वे पाठ्यपुस्तकांत अवघड परिभाषेत शिकवली जातात. येथे ती ज्वारीच्या पायलीने मोजली गेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वर्गणी भरणारा शेतकरी रुग्णालयाकडे हक्काने पाहू लागला. लाभार्थी हा सभासद झाला.

गडचिरोली : मोजणारी आणि उपचार करणारी

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेची स्थापना केली. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. विद्यापीठीय शिक्षण आणि विदर्भातील खेडे यांचा संयोग या प्रयोगात सर्वाधिक स्पष्ट दिसतो, म्हणून त्याचा तपशिलाने विचार करणे आवश्यक आहे.

संस्थेचा पहिला महत्त्वाचा अभ्यास स्त्रियांच्या आजारांविषयी होता. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली असता ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांपैकी फार थोड्यांची पूर्वी कधी तपासणी झालेली होती. 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९८९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्त्रीआरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन व बाळंतपण एवढीच जी समजूत धोरणांत रूढ होती, तिला या निष्कर्षाने धक्का दिला. कोतवाल बुकात जे कधीच येऊ शकले नसते, ते येथे प्रथमच मोजले गेले.

यानंतर बालमृत्यूचा प्रश्न हाती घेण्यात आला. १९८८ मध्ये या क्षेत्रात हजार जन्मांमागे सुमारे १२१ अर्भके दगावत होती. त्यात न्यूमोनियाचा वाटा मोठा होता. न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्या अर्भकाचे पन्नास किंवा अधिक झाले तर धोका समजावा. परंतु गावच्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हते आणि तिच्याजवळ घड्याळही नव्हते. येथे डॉक्टरांनी सुईणीला अपात्र ठरवले नाही, साधन बदलले. वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी अशी पाटी तयार झाली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता येणे एवढीच पात्रता उरली.

या पाटीचे महत्त्व तिच्या स्वस्तपणात नाही. तज्ज्ञाच्या हातातील निदान निरक्षर स्त्रीच्या हाती गेले, हे तिचे महत्त्व आहे. प्रयोगाच्या ५८ गावांत आणि तुलनेच्या ४४ गावांत मिळून हा अभ्यास झाला. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या बालकांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के आढळले. १९९० मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसरा टप्पा नवजात बालकांचा होता. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत होणारे मृत्यू केवळ रुग्णालयातच टाळता येतात, अशी त्या वेळची सर्वमान्य समजूत होती. गडचिरोलीत रुग्णालय दूर होते आणि बाळंतपणे घरीच होत होती. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, श्वास सुरू करण्यास मदत करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि आवश्यक तेथे प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या करू लागल्या. तुलनेसाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ झाला, तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. घट सुमारे ६२ टक्के ठरली. प्रत्येक नवजात बालकामागे खर्च ५.३ डॉलर आला. १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीने इंजेक्शन द्यावे की नाही, हा वाद या प्रयोगाच्या केंद्रस्थानी होता आणि तो पोकळ नव्हता. चुकीच्या मात्रेचा, जंतुसंसर्गाचा धोका खराच होता. त्याला उत्तर दिले गेले ते निष्ठेचे दाखले देऊन नव्हे, तर प्रशिक्षण, नियमित पर्यवेक्षण आणि प्रत्येक बाळाची नोंद यांच्या आधारे. वादाचा निकाल आकड्यांनी लागला. या दृष्टीने 'सर्च'चा सर्वांत मोठा शोध कोणतेही उपकरण नसून पुरावा गोळा करण्याची शिस्त हा आहे.

कोतवाल बुकाशी तुलना केली असता या प्रयोगाचे ऐतिहासिक स्थान स्पष्ट होते. दोन्हीकडे गावातीलच व्यक्ती जन्म-मृत्यू नोंदवते. परंतु कोतवालाच्या हाती फक्त वही होती. आरोग्यदूताच्या हाती वहीबरोबर वजनकाटा आणि औषधही होते. मोजणारी आणि उपचार करणारी एकच झाली. त्यामुळे माहिती वर पोहोचण्याआधीच गावात तिचा उपयोग झाला.

मेळघाट : डॉक्टर शेतात उतरतो

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके म्हणजे मेळघाट. येथील कोरकू आदिवासींमधील बालमृत्यू १९९३ मध्ये वृत्तपत्रांतून गाजले, न्यायालयात गेले आणि त्यातून शासनाच्या योजना आकाराला आल्या. त्याच्या आधीपासून बैरागड येथे डॉ. रवींद्र कोल्हे व नंतर त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे नाममात्र शुल्कात वैद्यकीय सेवा देत होते. २०१९ मध्ये या दांपत्याला पद्मश्री देण्यात आली.

कोल्हे यांच्या कार्यातील एक वळण अकोल्याच्या वाचकांसाठी विशेष उद्बोधक आहे. कुपोषणाचे मूळ रिकाम्या कोठारात आहे, हे लक्षात आल्यावर त्यांनी शेती व पशुपालन यांचा अभ्यास सुरू केला आणि त्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील ज्ञानाचा आधार घेतला. स्वतः शेती करून दाखवली, स्वस्त धान्य दुकानातील धान्य गावापर्यंत पोहोचते की नाही याकडे लक्ष दिले. बालमृत्यूवरील उपचार कृषी विद्यापीठात शोधणे ही आरोग्यशास्त्राची वरवर पाहता उलटी वाटणारी, पण मुळाशी जाणारी वाट होती.

सेवाग्राम येथे शिकलेले डॉ. आशिष सातव यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस धारणी तालुक्यातील उतावली येथे 'महान' संस्थेमार्फत कार्य सुरू केले. रुग्णालयातील सेवा आणि गावातील प्रशिक्षित आरोग्यसेविका अशी दुहेरी रचना तेथे दिसते. सेवाग्रामचे शिक्षण आणि गडचिरोलीची गृहाधारित पद्धत हे दोन्ही प्रवाह मेळघाटात एकत्र आले, असे म्हणता येईल.

मेळघाटाचा इतिहास मात्र केवळ यशाचा नाही. प्रत्येक पावसाळ्यात बालमृत्यूच्या बातम्या येतात, पथके जातात, अहवाल लिहिले जातात. एका गावात सिद्ध झालेली पद्धत शेजारच्या गावात आपोआप जात नाही. रस्ता, धान्य, रोजगार, स्थलांतर हे घटक आरोग्यसेविकेच्या पिशवीत मावत नाहीत. नवोपक्रमाची मर्यादा येथे स्पष्ट होते.

समान सूत्र : भूमिकांची अदलाबदल

वरील पाच टप्पे एकत्र पाहिले असता एक समान सूत्र हाती लागते. तपोवनात रुग्ण उत्पादक झाला. सेवाग्रामात लाभार्थी सभासद झाला. गडचिरोलीत नोंद करणारी स्त्री उपचारक झाली. मेळघाटात डॉक्टर शेतकरी झाला. प्रत्येक ठिकाणी समाजाने ठरवून दिलेली भूमिका ओलांडली गेली. कोतवाल बुकात ही ओलांड नव्हती. म्हणून ती व्यवस्था दीर्घायुषी ठरली, परंतु जीव वाचवू शकली नाही.

या सूत्रामुळे शासकीय स्वीकाराची चिकित्सा करणे सोपे जाते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि 'आशा' कार्यकर्ती गावोगावी आली. २०११ मध्ये केंद्र शासनाने गृहाधारित नवजात बालसेवेची मार्गदर्शिका काढली. घरी जन्मलेल्या बाळाला सात व संस्थेत जन्मलेल्या बाळाला सहा भेटी द्याव्यात आणि त्या पूर्ण झाल्यावर आशाला २५० रुपये मिळावेत, अशी तरतूद झाली. गडचिरोलीच्या ३९ गावांतील पद्धत अशा प्रकारे देशभर पोहोचली. वर मांडलेल्या कसोटीवर हा नवोपक्रम पूर्णपणे उतरतो.

परंतु या प्रवासात काही गळलेही. मूळ प्रयोगातील आरोग्यदूताकडे निदान व उपचार यांचा अधिकार होता आणि तिच्यामागे दर काही दिवसांनी येणारा पर्यवेक्षक होता. आशाच्या कामात भेटी, सर्वेक्षणे, अर्ज आणि नोंदी यांचा भाग वाढत गेला. पर्यवेक्षणाची जागा बऱ्याच ठिकाणी तपासणीने घेतली. ती शासनाच्या भाषेत 'स्वयंसेविका' राहिली आणि मोबदला कामागणिक ठरला. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी मानधनवाढीसाठी संप केला, तेव्हा हा विरोधाभास उघड झाला. देशाच्या बालमृत्यू-घटीचे श्रेय ज्या कामाला दिले जाते, ते काम करणाऱ्या स्त्रीचे श्रम मात्र सेवाभाव या नावाखाली स्वस्तात मिळावेत, अशी अपेक्षा राहते. वही जड होते आणि पिशवी हलकी होते, तेव्हा आरोग्यदूत पुन्हा कोतवाल होण्याच्या वाटेवर असते.

येथेच चरित्रलेखनाच्या परंपरेची मर्यादाही लक्षात येते. या उपक्रमांचा इतिहास त्यागाची कथा म्हणून सांगितला गेला. त्यागाच्या कथेत वेतनाचा प्रश्न विचारणे औचित्यभंग ठरतो. तपोवनाचे हिशेब, ज्वारीच्या वर्गणीच्या याद्या, आरोग्यदूतांच्या प्रशिक्षणाच्या वह्या यांपेक्षा संस्थापकाचे छायाचित्र अधिक जपले जाते. परिणामी नव्या पिढीला प्रेरणा मिळते, पद्धत मिळत नाही. संस्थापकांच्या थोरवीला यत्किंचितही उणेपणा न आणता असे म्हणता येईल की, त्यांच्या कार्याचा खरा सन्मान ते पुन्हा करता येईल अशा रीतीने लिहिण्यात आहे.

निष्कर्ष

(१) विदर्भातील आरोग्यविषयक नवोपक्रमांचे वैशिष्ट्य उपकरणांत किंवा भांडवलात नसून रुग्ण, लाभार्थी, नोंदणीकार आणि वैद्य यांच्या भूमिका बदलण्यात आहे.

(२) मोजणी ही आरोग्यसेवेची पूर्वअट आहे. परंतु मोजणाऱ्याच्या हाती उपाय नसेल तर ती केवळ अभिलेख ठरते. कोतवाल बुक आणि आरोग्यदूत यांची तुलना हे दाखवून देते.

(३) तपोवन व आनंदवन यांच्या इतिहासातून दिसते की, कलंकित रोगाच्या बाबतीत बाजारातील व्यवहार हे सामाजिक स्वीकाराचे प्रभावी साधन ठरते.

(४) शासकीय स्वीकारामुळे नवोपक्रमाचा विस्तार होतो. मात्र अधिकार, पर्यवेक्षण आणि योग्य मोबदला यांविना केलेला विस्तार मूळ पद्धतीचा गाभा गमावतो.

(५) या विषयाचा अभ्यास व्यक्तिचरित्राकडून संस्थेच्या व पद्धतीच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक आहे.

शेवटचा मुद्दा वऱ्हाडातील महाविद्यालयांना थेट लागू होतो. अकोला जिल्ह्यातील तहसील कार्यालयांत कोतवाल बुके आहेत. त्यांतील पाने जीर्ण होत आहेत आणि त्यांचा उपयोग जातीच्या एका रकान्यापुरता उरला आहे. इतिहास, समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन एकेका गावाच्या मृत्युनोंदींचा अभ्यास हाती घेतला, तर शंभर वर्षांतील बालमृत्यूंचे स्थानिक चित्र उभे राहू शकेल. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा हा असाच एक प्रश्न आहे. खारे पाणी पिणाऱ्या गावांतील मूत्रपिंडाच्या तक्रारींविषयी लोक पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले आहेत. अकोट-तेल्हारा भागात ८४ खेडी योजनेसारख्या पाणीपुरवठा योजनाही झाल्या. योजनेचे पाणी येण्यापूर्वीची व नंतरची स्थिती गावपातळीवर मोजण्याचे काम मात्र परिसरातील महाविद्यालये सहज करू शकतात. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. गडचिरोलीत वाळूचे घड्याळ आणि काही मणी पुरेसे ठरले होते. आपल्या गावातील मृत्यू 'ताप' या शब्दाखाली दडू द्यायचे नाहीत, एवढा निर्धार असला म्हणजे आरंभ होऊ शकतो.